शेरवानीवाल्याचं कार्ड

गुरुपादप्पा शिंप्याच्या उजव्या हाताला कंप सुटला, त्या वर्षापासून लातुरात त्याच्या नावाच्या शेरवान्या त्याची बायको शिवकांता शिवू लागली. निजामाचा अंमल होता. कारकून असो की वकील, शेरवानीशिवाय कचेरीत मान नव्हता. ती शेरवानी बाईच्या हातची आहे हे कळलं, तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं राहणार नाही, अशी गुरुपादप्पाला धास्ती. म्हणून त्यानं तिला शपथच घातली होती, की हे माहेरीसुद्धा बोलायचं नाही.

गोलाईच्या बाजारामागच्या बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत तो गळ्यात टेप अडकवून मापं घ्यायचा, आतल्या खोलीत ती बेतायची, कापायची, शिवायची. मधे जाड पडदा. मशीनचा आवाज ऐकून कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "कारागीर ठेवलाय गुलबर्ग्याचा. लई लाजाळू हाय, माणसात येत न्हाई." आत शिवकांताला खोकला आला, की ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

कार्डाची कल्पना तिचीच. अनंतराव वकिलांनी एकदा कपडे घरी पोचवायला म्हणून आपल्या नावाचं कार्ड ठेवलं होतं. ते तिनं उलटसुलट करून पाहिलं. दुकानावर पाटी नाही, बोळ सापडत नाही म्हणून माणसं गोलाईवरच्या नव्या शिंप्यांकडं वळत होती.

"आपुन बी असं कार्ड करू," ती म्हणाली.

गुरुपादप्पाला ते पटलं. त्यानं डाव्या हातानं एका कागदावर मजकूर उतरवला. वर देवाचं नाव, खाली वडिलांचं, मग स्वतःचं, मग शेरवानी, कोट, पाटलोण, कुडता, उशीचे अभ्रे, सगळं दाटीवाटीनं. शिवकांतानं वाचलं आणि कागद परत दिला.

"एवढं कोण वाचतंय? खिशातनं काढलं की एका नजरेत कळाय पायजे."

तिनं खडूनं कापडाच्या तुकड्यावर शेरवानीची उभी कॉलर काढली. त्याखाली फक्त त्याचं नाव, उर्दूत आणि मराठीत. त्याखाली जागा : गोलाईमागं, पिंपळाचा बोळ.

"आन् मागची बाजू कोरीच ठिवा. कपडा कधी मिळणार ती तारीख तिथं लिहून द्यायची. तारखेसाठी तरी माणूस कार्ड जपून ठिवंल."

कापड आणायला सोलापूरला गेला तेव्हा गुरुपादप्पानं ती कार्डं छापून आणली. आणि तिचं म्हणणं अगदी खरं ठरलं. कार्डं लोकांच्या खिशात राहिली, एकाकडून दुसऱ्याकडं गेली. औशाची, उदगीरची माणसं बोळ विचारत येऊ लागली. शिवकांताला आधी आनंदच झाला.

पण तारीख लिहायचा तो, बाहेर बसून, आत न विचारता. कापड पडद्याखालून आत सरकायचं, तेव्हा तिला कळायचं. "जबान दिलीया," एवढंच तो म्हणायचा. सकाळी ती मशीनवर बसली की उजेड जाईपर्यंत उठत नसे. शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलवायचंच सोडून दिलं. तिनं सुचवलेल्या कोऱ्या बाजूनंच तिला बांधून घातलं होतं.

मार्गशीर्षात जळकोटहून तिचा भाऊ मलप्पा आईचा सांगावा घेऊन आला. "अव्वानं अंथरूण धरलंय. सारखं तुझं नाव घेतीया. चल."

तो हातपाय धुवायला गेला तशी शिवकांता नवऱ्याला म्हणाली, "मी निघते."

"निजामाच्या वाढदिवसाचे, सालगिऱ्याच्या जलशाचे कपडे हायेत. तहसीलदाराला तारीख लिहून दिलीय."

"सांगा कारागीर गावाला गेलाय."

"मंग म्हणतील, तुम्हीच पुरं करा. काय करू?" त्यानं उजवा हात पुढं केला. तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. तो हात पाहिला की तिला त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

मलप्पाला ती म्हणाली, "घरात अडचण हाय, दादा. हे काम आटपलं की आलेच."

"कसली अडचण?"

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मलप्पा पाणीही न पिता निघून गेला.

जलसा झाल्यावर ती जळकोटला पोचली, तेव्हा अव्वाला माती देऊन झाली होती. वहिनी म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होत्या, शिवकांतेला असं काय काम हाय? आमी काय सांगणार?" शिवकांता भिंतीला टेकून बसून राहिली.

परत आल्यावर तिनं मशीनला हात लावला नाही. कापडं पडून राहिली. गुरुपादप्पानं आधी आवाज चढवला, मग विनवलं.

"कार्डं संपत आलीत ना?" ती म्हणाली. "नव्या कार्डावर माझं नाव घाला."

"याड लागलं का? दुसऱ्या दिवशी दुकान बंद व्हईल."

"मंग 'गुरुपादप्पा आणि मंडळी' असं छापा."

मोठ्या पेढ्या तसंच लिहितात, म्हणून तो खूश झाला. मग थबकला. चारचौघात बायकोचा विषय निघाला, तर तो स्वतःच 'आमची मंडळी' म्हणायचा. 

"लोकांना पेढीच वाटंल," तो हळूच म्हणाला.

"वाटू द्या. आन् तारीख मला विचारल्याबिगर लिहायची न्हाई."

नवं कार्ड पहिल्यांदा अनंतराव वकिलांच्याच हाती पडलं. "वा! मंडळी वाढली म्हणायची. किती जण आहेत आत?"

आत शिवकांताचे पाय मशीनच्या पायपट्टीवर थांबले. 

"एकच हाय," गुरुपादप्पा म्हणाला. "थांबा, तारीख विचारून सांगतो."

त्यानं पडद्याशी येऊन विचारलं. तिनं मनाशी हिशेब करून बोटांनी खूण केली. वकिलांना ती तारीख लांबची वाटली, पण गुरुपादप्पानं तीच लिहिली. पुढंही तो विचारूनच लिहीत राहिला. पडदा मात्र होता तिथंच राहिला, आणि गुलबर्ग्याचा कारागीरही.

अव्वाच्या वर्षाच्या दिवसाला शिवकांता वेळेवर जळकोटला गेली. मलप्पा तिच्याशी बोलला नाही. चुलीपाशी बसून, शपथ मोडून, तिनं वहिनीला सगळं सांगितलं : पडदा, शेरवान्या, तो हलणारा हात. वहिनीनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"आता सांगून काय, वन्सं," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी शिवकांता पहिल्याच मोटारीनं लातूरला निघाली. शनिवारची एक शेरवानी द्यायची होती.