दाजींचा कोट

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचते आहे, आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेते. काय ते एकेक! पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा म्हातारा, आरशातली सावली... अहो, यातल्या निम्म्या लोकांना चष्म्याचा नंबर बदलायची गरज आहे आणि उरलेल्यांना पोट साफ करायच्या औषधाची. मी जन्मभर गणित शिकवलं. भूत, करणी, दृष्टांत, चमत्कार — आमच्या ख्रिस्ती लोकांतले आणि तुमच्यातले, दोन्हीकडचे — मी सारख्याच तुच्छतेनं उडवून लावले. आजही लावते. तेव्हा मला त्या पंगतीत बसवू नका. जे घडलं ते सांगते, पटलं तर छापा, नाहीतर बंबात घाला.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. आम्ही सांगलीचे कॅथलिक. वडील रेल्वेत होते, म्हणून इकडे आलो आणि इथलेच झालो. थोरली बहीण अॅग्नेस, तिचा नवरा पास्कल, म्हणजे माझे दाजी. दाजी हळदीच्या एका पेढीवर नोकरीला होते. हळदीची धूळ नाकात जाऊन जाऊन त्यांना एक सवय लागली होती : दोन वाक्यं बोलायची, मग मान डावीकडे झटकून नाक जोरात वर ओढायचं. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकावरून तो आवाज आला, की दाजी आलेत हे आंधळ्यालाही कळावं.

आणि माणूस कसा? चिक्कू. चिक्कू हा शब्दसुद्धा थोडा सैल पडतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर पायरीवरच्या भिकाऱ्यांना चुकवायला ते बाजूच्या दारानं सटकायचे. आमच्या चर्चच्या मदत मंडळाच्या बायका एकदा जुने कपडे मागायला घरी गेल्या, तर दारातच म्हणाले, "मी काय मेलोय का, कपडे वाटायला?" आणि दार लावून घेतलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, जेवता जेवता, छाती धरून खरंच गेले. फादर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. कन्फेशन नाही, आशीर्वाद नाही, काही नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाला त्याचा चांगल्यातला चांगला पोशाख घालून पुरतात. दाजींकडे चांगला म्हणण्यासारखा एकच, लग्नातला काळा कोट. त्याच्या आतल्या खिशाचं अस्तर मागे फाटलं होतं, तेव्हा ताईनं स्वतःच्या लग्नाच्या गाऊनचा सॅटिनचा तुकडा कापून आतून लावला होता. तो कोट मी आणि ताईनं मिळून त्यांच्या अंगात चढवला. बटणं मी लावली. पेटीला खिळे ठोकलेले मी पाहिले, माती टाकली. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की पुढे कोणी मला 'तुमचा गैरसमज झाला असेल' असं म्हणायला येऊ नये.

त्यानंतर ताईनं जे सुरू केलं त्यानं मला वेड लागायची पाळी आली. तिच्या डोक्यात एकच — हा माणूस कुणाला काही न देता, पाप न सांगता गेला, तो शुद्धीस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या अलीकडच्या आगीत, जळत असणार, आणि मागे उरलेल्या कोणी प्रार्थना करून बाहेर काढल्याशिवाय निघणार नाही. रोज त्याच्या नावानं मिस्सा. रोज गुडघ्यावर. रात्री उठून बसायची, "फिलो, ते जळतायत गं." अन्न सुटलं, मनगटातून बांगडी खाली गळून पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बाई हातची जाईल. मी तिला समजावलं, ओरडले, एकदा तर तोंडावर म्हटलं, "जळत असला तर जळू दे, तू कशाला जळतेस?" महिनाभर बोलली नाही माझ्याशी.

आता मदत मंडळ. माण तालुक्यात तेव्हा माणसं खडी फोडत होती. प्यायला पाणी नाही, पुरुष निम्मे मुंबईला, बाया-म्हातारे दुष्काळी कामावर. फादरांनी ठरवलं, आपण दूध पावडर आणि कपडे घेऊन जायचं. चांगली गोष्ट. पण जाणाऱ्या बायका! अध्यक्षा सिसिलियाबाई कडक इस्त्रीची साडी आणि सेंट लावून दुष्काळ बघायला निघायच्या. आणि आमच्या हॉलमध्ये कपडे निवडायची पद्धत ऐका : शर्ट-कोट गठ्ठ्यात टाकायच्या आधी त्याची चांगली बटणं कापून घ्यायची. "त्यांना काय करायचीत बटणं? दोरीनं बांधतील." डबेच्या डबे भरले होते बटणांचे. गरिबांची सेवा! मी या पुण्यवंतांबरोबर जात होते ते एवढ्यासाठीच, की पावडर किती पाण्यात कालवायची एवढं त्रैराशिक त्यांच्यात कुणाला येत नव्हतं.

दहिवडीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. सकाळची वेळ, थंडीचे दिवस, वारा असा की कानाला दडे बसावेत. एका बाभळीला बायकांनी लुगड्यांच्या झोळ्या बांधून पोरं निजवली होती, आणि खडी फोडायचं वय उलटलेला एक म्हातारा त्या झोळ्या हलवत बसला होता. सगळे त्याला तात्या म्हणत. गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी, आणि अंगात काळा कोट.

तो कोट मी लांबूनच ओळखला. ओळखला आणि मनात स्वतःलाच एक शिवी दिली. काळे कोट काय जगात थोडे असतात? जवळ गेले. सगळी बटणं जागच्या जागी. म्हणजे आमच्या गठ्ठ्यातला नक्कीच नव्हता.

"तात्या, कोट छान आहे. कुणी दिला?"

"सायबानं दिला की."

"कुठल्या साहेबानं?"

"तुमच्यातल्याच. मिशनच्या." म्हातारा झोळी हलवता हलवता सांगत होता. "आला, हितं हुबा ऱ्हायला. मला म्हनला, तात्या, थंडी वाजती का? म्हनलं, वाजती की सायेब, लय वाजती. मग काडला आंगातनं आन दिला. नुसत्या पांडऱ्या शर्टावर गेला बगा. येवड्या गारठ्यात."

"दिसायला कसा होता?"

"दिसाया काय... हुता आपला. बोलताना आसं करायचा." आणि म्हाताऱ्यानं मान डावीकडे झटकून नाक वर ओढलं.

माझ्या हातातलं दुधाचं भांडं सांडलं. सिसिलियाबाई ओरडल्या, "फिलोमिना, अगं गरिबांचं दूध!" तेवढ्यात मी कोटात हात घातला होता. आतल्या खिशाला सॅटिन. पिवळट पडलेलं, ताईच्या बारीक टाक्यांचं.

मला तेव्हा काय वाटलं असेल? भीती? छे. संताप आला. कुणीतरी थडगं उकरलं, मेलेल्याच्या अंगावरचे कपडे काढून विकले, आणि कुणी धर्मात्मा ते इथे वाटून पुण्य कमावून गेला — यापलीकडे दुसरं काही असूच शकत नव्हतं. पुरावा हातचा सोडायचा नाही म्हणून मी जीपमधलं नवंकोरं ब्लँकेट आणलं. "तात्या, हे घ्या, कोट द्या."

"आवं बाई, सायबानं दिलाय. कसा दिऊ?"

मी वर्गात वापरते तो आवाज काढला. म्हाताऱ्यानं गुमान कोट उतरवला.

सांगलीत पोचल्यावर तडक कबरस्तानात गेले. थडग्यावरचं सिमेंट जसंच्या तसं. एक चीर नाही, ढेकूळ हललेलं नाही. मी वाकून, बोटांनी चाचपून पाहिलं. दुसरी शक्यता : ताईनं मागे कधी असाच आणखी एखादा कोट दुरुस्त करून दिला असेल. म्हणून, तिला काही कळू न देता फक्त टाके ओळखायला लावायचे, असा बेत करून तिच्याकडे गेले. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

ताईनं कोट मांडीवर घेतला. खिसा उलटा केला. सॅटिनवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता किंचाळेल, पडेल. तिनं शांतपणे विचारलं, "कुठे मिळाला?"

मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं. झोळ्या, तात्या, पांढरा शर्ट, नाक ओढणं. आणि वर घाईघाईनं म्हटलं, "हे बघ, याला काहीतरी कारण असणार, मी शोधून काढते..."

"त्यांनी दिला? आपल्या हातानं? अंगातून काढून?"

"म्हातारा तसं म्हणतो."

ताई उठली. एवढ्या महिन्यांत मी तिला तशी ताठ उभी राहिलेली पाहिली नव्हती. "फिलो, त्या माणसानं एकदा, मेल्यावर का होईना, एकदा कुणाला काहीतरी दिलं. आणि तू ते परत घेऊन आलीस?"

तिच्यापुढे माझं गणित चालेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं आम्ही दोघी निघालो. विट्यावरून धक्के खात, धूळ खात. अशक्त बाई, पण कोटाचं बोचकं तिनं शेवटपर्यंत माझ्या हाती दिलं नाही. मी खिडकीशी बसून स्वतःवर चिडत होते. शिकलेली बाई, आणि चालली कुठे? तर भुताचं सामान परत करायला!

तात्या तिथेच होता, ब्लँकेट पांघरून. मला पाहून म्हणाला, "आलासा व्हय? आवं, सायेब काल आलता."

ताईनं माझा दंड घट्ट धरला.

"कोट कुटं हाय म्हनला. म्या म्हनलं, तुमच्या बाईनं न्हेला."

"रागावले?" ताईनं विचारलं.

"न्हाई ओ. बरं म्हनला. मग बसला की हितं, दिस मावळस्तवर. मला म्हनला, तू पड जरा, तात्या. आन सोता पोरांच्या झोळ्या हलवत बसला." म्हाताऱ्यानं बाजूची जमीन हातानं दाखवली. "लय मायाळू मानूस."

दाजींना मायाळू म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा आणि शेवटचा पाहिला.

मी कामावरच्या मुकादमाला विचारलं, काल इथे कुणी साहेब आला होता का? तो म्हणाला, "कुनी न्हाई बगा." बायकांपैकी एकीला नुसता आवाज आठवत होता — काल कुणीतरी सारखं नाक ओढत होतं, म्हणून ती झोळीतल्या लेकराला पडसं झालंय का बघायला आली होती, तर लेकरू ठणठणीत, गाढ झोपलेलं.

ताईनं कोट तात्याच्या अंगात चढवला. बटणं एकेक करून लावली. ब्लँकेटही त्यालाच ठेवून दिलं. म्हातारा हसला, "दोन्ही? मज्जाच हाय माजी!"

सिसिलियाबाईंनी नंतर याचा चमत्कार करायचा घाट घातला, मी त्यांना हॉलमधून हाकलून दिलं. एक डॉक्टर मला 'सामूहिक भ्रम' समजावून सांगायला आले. कोट हातात धरून शंभरेक मैल भ्रम होतो का, एवढंच मी विचारलं, तर चहा अर्धा टाकून गेले. माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्याकडे असल्याचं ते सांगतात, त्यांची उत्तरं माझ्या आठवीतल्या ढ पोरांच्या पेपरात शोभली असती. 'देवाची लीला' म्हणणाऱ्यांचं तर नावच नको. उत्तर येत नसलं की वहीच्या शेवटी ॐ काढून ठेवणारी पोरं असतात ना, तसलीच ही.

पण त्यानंतरच्या रविवारचं सांगते. मिस्सा संपली, आणि फादर सवयीनं म्हणाले, "अॅग्नेसबाई, या आठवड्यात पास्कलसाठी कोणकोणत्या दिवशी मिस्सा ठेवू?"

ताई म्हणाली, "आता नको, फादर. ते सध्या कामावर आहेत."