परबकाकांची चौकशी

आमच्या गाडीच्या ग्रुपवर कुणी सल्ला दिला, की तीन-चार महिन्यांनी त्याला परबकाकांचा फोन जायचा. तोवर सल्ला देणारा सगळं विसरलेला असायचा. काका विसरायचे नाहीत. जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद शिवून त्यांनी एक वही केली होती. तीत कुणी, कुणाला, काय सांगितलं ते लिहिलेलं असे. "मुलुंडच्या त्या माणसाला क्लचचं तुम्हीच सांगितलंत ना? त्याने तसं केलं. पुढे काय झालं, ठाऊक आहे तुम्हाला?" बहुतेकांना ठाऊक नसायचं. मग काका त्या जुन्या पोस्टखाली एक ओळ टाकायचे. "केलं. उपयोग नाही." किंवा "केलं. अजून चालतंय." एवढंच.

ग्रुप ऑनलाइन होता, एकाच मॉडेलच्या गाड्या बाळगणाऱ्यांचा. सभासद हजारो, त्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परबकाका बसडेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, दिंडोशीला राहणारे. त्यांच्याकडे त्याच मॉडेलची निळी गाडी होती. ग्रुपवरची मुलं त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणायची. एकदा एकाने चिडून लिहिलं, "काका, माझ्या पोस्टला तीनशे लाइक आहेत यार, अजून काय पुरावा पाहिजे?"

काकांनी उत्तर दिलं, "लाइक मोजून ब्रेक लागत नाय रे. गाडी तुझी काय? तुझी असेल तर फोटो टाक. मित्राची असेल तर मित्राला लिहू दे."

मी हे सगळं बरेच महिने नुसतं वाचत होते. लिहीत काहीच नव्हते. वर्गातसुद्धा उत्तर येत असताना मी हात वर केलेला नाही. वाचायचं कारण मात्र खरं होतं. बाबांची किडनी गेली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना बोरीवलीहून गोरेगावला डायलिसिससाठी न्यावं लागत होतं. परत येताना त्यांना बसवत नसे. रिक्षाच्या धक्क्यांनी चक्कर यायची. गाडीत पुढची सीट मागे पाडून ते डोळे मिटून पडायचे. आईला गाडी येत नाही. माझ्याकडे लायसन्स होतं, कॉलेजात असताना काढलेलं आणि कधीच न वापरलेलं. त्यामुळे गाडी मी चालवायची ठरली. पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर माझ्या तळव्यांच्या ओल्या खुणा उमटल्या होत्या. चार महिन्यांनंतरही त्या उमटतच होत्या.

त्यात ब्रेकचं सुरू झालं. सिग्नलला उभी असताना पाय दाबून धरला, की पेडल हळूहळू खाली सरकायचं. झटकन दोनदा दाबलं की परत वर यायचं. बाबांचा नेहमीचा मेकॅनिक गावी निघून गेला होता. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेले, तर तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघता विचारलं, "घरात जेन्ट्स कोणी नाही का?" मी गाडी तशीच वळवून परत आणली.

मग मी ग्रुपवर प्रश्न टाकला, पण बाबांच्या नावाने. खातं त्यांचंच होतं, मी ते माझ्या फोनवर उघडायचे. मुलगी दिसली की उत्तरं कशी येतात ते मी वाचलेलं होतं. अर्धे थट्टा करतात, उरलेले खाजगीत मेसेज पाठवतात. म्हणून मी लिहिलं, "वीस वर्षं गाडी चालवतोय. हल्ली ब्रेकचं पेडल थोडं खाली जातं असं वाटतं. ब्रेक ऑइल पूर्ण आहे. कुणाला अनुभव?" दोनदा दाबावं लागतं, हे लिहिलं नाही. ती माझ्या पायाचीच चूक असणार, असं मला वाटत होतं. ते लिहिलं असतं तर मी नवखी आहे हे सगळ्यांना कळलं असतं.

उत्तरांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं पाइपात हवा आहे. कुणी म्हणालं अमुक कंपनीचं ऑइल टाका, झकास होईल. एकाने तर टायर बदलायला सांगितलं आणि त्यालाच सर्वांत जास्त लाइक मिळाले. शेवटी परबकाकांनी विचारलं, "मोहनराव, नेमकं कधी खाली जातं? गाडी सुरू करताना?"

सुरू करताना जातच होतं, म्हणून मी 'हो' लिहिलं.

"मग ठीक. पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की ते जरासं बसतंच. माझ्या गाडीतही बसतं. वीस वर्षांचा हात आहे तुमचा, तुम्हाला मी काय सांगणार? घाबरण्यासारखं नाय. नंबर द्या, नंतर विचारीन."

मी बाबांचा नंबर दिला आणि ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ग्रुपमधला एकमेव माणूस, ज्याच्यावर माझा विश्वास होता, तो सांगत होता की घाबरण्यासारखं काही नाही. मला तेच ऐकायचं होतं.

त्यानंतर तीन दिवसांनी आम्ही परत येत होतो. बाबा डोळे मिटून पडले होते. हायवेवरून खाली उतरल्यावर सिग्नल लागला, रस्त्याला किंचित उतार. पुढे स्कूटरवर एक बाई होती आणि तिच्या मागे शाळेचं दप्तर अडकवलेली मुलगी. मी ब्रेक धरून उभी होते. पेडल खाली जायला लागलं. गाडी आवाज न करता सरकायला लागली. त्या मुलीच्या दप्तरावरचं चित्र मोठं होत गेलं. मी पाय उचलून दोनदा जोरात दाबला. गाडी थांबली तेव्हा मधे वीतभर अंतर असेल.

बाईने मागे वळून पाहिलं. "ओ मॅडम, झोपलात काय?"

"काय गं, काय झालं?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही बाबा."

घरी आल्यावर पार्किंगमध्ये बसून मी परबकाकांचा मेसेज पुन्हा वाचला. घाबरण्यासारखं नाय. माझा पाय एक सांगत होता आणि काका दुसरं. मी काकांचं खरं मानलं. त्यानंतर आणखी दोनदा मी बाबांना त्याच गाडीतून नेलं आणि आणलं. प्रत्येक सिग्नलला पुढच्या गाडीपासून लांब उभी राहायचे. मागचे हॉर्न मारायचे. 

प्रश्न टाकल्यापासून नवव्या दिवशी बाबा आत असताना त्यांचा फोन वाजला. डायलिसिसच्या वेळी तो माझ्या पर्समध्ये असे. मी अनोळखी फोन घेत नाही, पण समोर एक आजी पेंगत होत्या, त्यांची झोप मोडू नये म्हणून घाईत उचलला.

"मोहनराव? परब बोलतोय, दिंडोशीचा. ब्रेकचं म्हटल्यावर मी तीन महिने थांबत नाय. पुढे काय झालं?"

मी फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये आले.

"हॅलो? मोहनराव?"

"बाबा आत आहेत. डायलिसिसला."

"अरेरे. मग सध्या गाडी चालवतो कोण?"

"मी."

"किती वर्षं?"

"चार महिने."

काका हळूच म्हणाले, "म्हणजे प्रश्न तू लिहिलास. बाय माझे, सिग्नलला पाय दाबून ठेवलास तर काय होतं? खरं सांग."

मी सांगितलं. दोनदा दाबण्याचं सांगितलं, स्कूटरचंही सांगितलं. एवढ्या दिवसांत त्याबद्दल मी पहिल्यांदाच कुणाशी बोलत होते.

"गाडी कुठे आहे?"

"खाली."

"चावी पर्समध्ये ठेव. गाडीला हात लावू नको. मी येतो."

ते रिक्षाने आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. बुटके, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. चारी चाकांपाशी आणि बॉनेटखाली कुठे ऑइल गळतंय का ते त्यांनी आधी बघून घेतलं, मग माझ्याकडून चावी घेऊन गाडीत बसले. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती, हँडब्रेक ओढलेला. त्यांनी इंजिन सुरू केलं, पेडल दाबून धरलं आणि समोर बघत राहिले. मग उतरले.

"आता तू बस. जोर करू नको, नुसतं दाबून धर. आणि मोठ्याने मोज."

मी मोजायला लागले. सातपर्यंत पेडल घट्ट होतं. मग ते माझ्या बुटाखालून जायला लागलं. एकोणीसला ते तळाला टेकलं. भिंत तिथेच होती, गाडी तिथेच होती, पण मला वाटलं आपण कड्यावरून खाली चाललो आहोत.

"मास्टर सिलेंडर," काका म्हणाले. "पेडलचा दाब चाकांकडे पाठवतो तो. आतलं रबर गेलंय. बाहेर थेंब पडत नाय, म्हणून ऑइल पूर्ण दिसतं." त्यांनी रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही, नुसताच हातात धरला. "आणि मी तुला लिहिलं, घाबरू नको."

"मी खोटं लिहिलं होतं काका."

"तू घाबरून लिहिलंस गो. मी अडतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. ड्रायव्हर येऊन सांगायचा, तेव्हा मी आधी त्याचं तोंड बघायचो. सांगणाऱ्याला मी दहा प्रश्न विचारतो, आणि विचारणाऱ्याला एकच विचारला."

त्या दिवशी बाबा रिक्षातूनच घरी आले. काका त्यांचं डोकं खांद्याला लावून बोरीवलीपर्यंत सोबत बसले आणि प्रत्येक खड्ड्याआधी रिक्षावाल्याला "सावकाश रे बाबा" म्हणत राहिले. गाडी टो करून गेली. नवा मास्टर सिलेंडर बसेपर्यंत काका गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होते. घरी मी बाबांना सगळं सांगितलं, तेव्हा ते उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "वीस वर्षांचा हात! मला अजून रिव्हर्स नीट येत नाही गं." आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी ग्रुपवर लिहिलं. "ब्रेकबद्दल मी मोहनरावांना दिलेला सल्ला चुकीचा होता. पेडल सुरू करताना बसणं वेगळं आणि धरून ठेवल्यावर बुडणं वेगळं. मी ते नीट विचारलं नाही. माणूस मेला असता. ज्यांनी माझं वाचून ब्रेक तपासले नाहीत, त्यांनी आज तपासावेत." खाली त्यांनी धरून मोजण्याची पद्धत लिहिली.

माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. फोनवर मी विचारलं, "तुम्ही माझं का नाही सांगितलंत?"

"तुझं तू सांगशील, सांगावंसं वाटलं तर. माझी चूक मी सांगितली."

मला सांगावंसं वाटत होतं. तीनदा मजकूर लिहून मी पुसला. तोवर ग्रुपवर मजा सुरू झाली होती. "इन्स्पेक्टरचीच चौकशी लागली." "काका, तुम्ही आपल्या बसगाड्याच बघा." ज्याला तीनशे लाइक मिळाले होते, त्याने लिहिलं, "आणि हे आम्हाला पुरावा मागणार!" काकांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. त्यांचे फोन जाणंही कमी झालं. लोक सरळ म्हणायचे, आधी तुमचं बघा. मी रोज ते वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

काका मला मात्र फोन करत राहिले. "मोजलंस?" एवढंच विचारायचे. मी "मोजलं, साठपर्यंत, घट्ट आहे" म्हणायचे. असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी त्यांच्याऐवजी त्यांच्या सुनेचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता गेले, म्हणाली.

ग्रुपवर कुणीतरी त्यांच्या निळ्या गाडीचा फोटो टाकला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत एकाने लिहिलं, "चांगला माणूस. पण सल्ला जपून घ्यावा लागायचा. एकाचा जीव जाता जाता राहिला होता."

त्या ओळीखाली मी माझ्या खऱ्या नावाचं नवं खातं काढून लिहिलं. प्रश्न मी विचारला होता. बाबांच्या नावाने विचारला, अर्धाच सांगितला, आणि काकांनी फोन केला नसता तर मी तशीच चालवत राहिले असते. पाठवताना माझे हात त्या पहिल्या दिवसासारखे ओले झाले होते.

थोड्या वेळाने पहिलं उत्तर आलं. "आज खातं उघडलंय, फोटो नाही. तुम्ही खऱ्या कशावरून?"

मी उत्तर लिहायला घेतलं. काकांना विचारा, असं लिहून झालं होतं.