उठवायचं काम

सिल्वासाजवळ डोकमर्डीला आमच्या चाळीत माल वाहणारे पाच गाडीवाले होते आणि त्यांना झोपेतून उठवायचं काम बायकांचं होतं. गजराची घड्याळं होती घरोघरी, पण घड्याळ वाजून गप्प बसतं. आम्हाला माणूस उठवून, त्याला तोंड धुवायला लावून, डोळे खरंच उघडलेत का ते बघून मगच सोडावं लागे. नवी लग्न होऊन आलेली मुलगी नवऱ्याला हाक मारायला लाजली तर शेजारणी हसत. मीही पहिलं वर्षभर ह्यांच्या पायाचा अंगठा ओढूनच उठवायचे.

आमची गाडी स्वतःची होती. जुनी घेतलेली, पण आमची. नरोलीला सुताची एक फॅक्टरी होती, तिचा अर्जंट माल हे न्यायचे. साधा माल मोठ्या ट्रकमध्ये भरत आणि तो दोन-तीन दिवसांनी पोचे. पण भिवंडीला किंवा इचलकरंजीला सूत संपून माग बंद पडायची वेळ आली की तिथून निरोप यायचा, सूत उद्याच पाहिजे. मग गाडी अर्धी रिकामी असली तरी तेवढाच माल घेऊन निघायचं. फॅक्टरीचा वॉचमन, वारली माणूस, सायकलवरून यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "चला शेठ, माल बांधून पडलाय."

"शेठ म्हणतो आणि झोपू देत नाही," हे म्हणायचे. अर्ध्या तासात गाडी गेटवर. चार-पाच वर्षं त्या फॅक्टरीने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. आमचं सगळं त्या एका गेटवर चाललं होतं.

नव्वदनंतर सिल्वासात फॅक्टऱ्या भराभर वाढल्या आणि त्यांच्या मागे ट्रान्सपोर्टवालेही आले. एका कंपनीने रस्त्यावरच ऑफिस उघडलं. तिच्या सगळ्या गाड्या एका रंगाच्या, आणि एकेका गाडीत दोन ड्रायव्हर. एक चालवायचा, एक मागे झोपायचा. पावतीवर माल पोचायची वेळ लिहून द्यायचे आणि उशीर झाला तर भाडं आपणहून कमी करायचे.

फॅक्टरीचा मॅनेजर पुण्याकडचा होता. मराठी बोलणारा, म्हणून ह्यांचं त्याच्याशी जमायचं. त्याने एकदा ह्यांना सांगितलं, "माझं मन तुमच्याकडे आहे हो, पण मुंबईचे मालक घड्याळ बघतात. कंपनीवाले इचलकरंजीला सकाळी दहाला पोचवतो म्हणतात. तुम्ही किती म्हणता?"

"मी नऊ म्हणतो," हे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. मी म्हटलं, "त्यांच्याकडे दोन माणसं आहेत."

"माझ्याकडे पण दोन आहेत. मी आणि तू. तू उठवतेस, मी चालवतो."

मला बोलणं कधी वेळेवर सुचलंच नाही.

पुढे वॉचमन यायचा बंद झाला. फॅक्टरीतून फोन यायला लागला. आमच्या समोर किराणावाल्या गुजराती काकांच्या दुकानात फोन होता, तो नंबर ह्यांनी मॅनेजरला दिला होता. काका ओटीवरून हाक मारायचे, "भाभी, फोन!" मी चौथी शिकलेली. वाचता-लिहिता येतं, पण समोर न दिसणाऱ्या माणसाशी बोलायची मला भीती वाटायची. मी एकच वाक्य पाठ केलं होतं: थांबा, बोलावते.

त्या हिवाळ्यात आमच्या चाळीतल्या तिसऱ्या खोलीतला गाडीवाला गेला. मनोरच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर उभा होता, त्याच्यावर मागून गाडी घातली. लख्ख ऊन होतं. समोरचं दिसत नव्हतं असं काहीच नव्हतं. त्याची बायको माझ्याच वयाची. मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती रडत नव्हती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते उठत नव्हते गं. मी दोनदा हलवलं. मग तोंडावर पाणी मारलं."

त्याच आठवड्यात ह्यांनी इचलकरंजी केली, परत आल्या आल्या भिवंडी केली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. जेवायलाही बसले नाहीत. एक चप्पल पायात तशीच ठेवून आडवे झाले. ती मी काढली, तरी जाग नाही. तोंड उघडं, आणि डोळे पुरते मिटलेले नाहीत. मी हात नाकाजवळ धरून श्वास बघितला.

तेवढ्यात समोरून हाक आली. "भाभी, फोन! फॅक्टरीनो!"

मी गेले. पलीकडे मॅनेजर होता.

"वहिनी, साहेब आहेत का? इचलकरंजीचा माल आहे, चारला निघायला पाहिजे. फार अडलंय."

मी थांबा म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "ते घरी नाहीत. गावी गेलेत."

"गावी? कधी?"

"काल."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आयुष्यात फोनवर मी एवढं पहिल्यांदाच बोलले होते.

काका गूळ तोलत होते. त्यांनी तराजू तसाच धरला. "भाई तो घरे छे ने, बेन?"

हे घरीच आहेत, ते त्यांनी बघितलं होतं. मी खाली बघितलं. त्यांनी गूळ पुडीत बांधला.

हे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपले. मग चार दिवस बोलावणं नाही, म्हणून स्वतःच गेटवर गेले. परत आले ते रागाने लाल होऊन.

"माल कंपनीच्या गाडीत गेला. वर मॅनेजर म्हणतो, फोन केला होता, वहिनी म्हणाल्या गावी गेलेत. का वं, फोन आला होता?"

ते माझ्यासमोर उभे होते. मी चुलीवरचं पातेलं उतरवत होते.

"नाही," मी म्हटलं.

"म्हटलंच मी." ते तसेच समोर दुकानात गेले. मी दारातून बघत होते. "काका, मंगळवारी फॅक्टरीचा फोन आला होता का? खरं सांगा."

काकांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "मने याद नथी, भाई. दिवसना केटला फोन आवे."

आठवत नाही म्हणाले, ते त्यांनी माझ्यासाठी केलं. चांगल्या मनाने केलं. पण ह्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी गेटवर दहा-बारा गाडीवाले, हमाल, वॉचमन, सगळ्यांच्या देखत ह्यांनी मॅनेजरला खोटारडा म्हटलं. त्याने कंपनीकडून पैशाचं पाकीट घेतलं आणि माझं नाव पुढे केलं, असं म्हटलं. तो आधी समजावत होता म्हणे. मग त्याने वॉचमनला सांगितलं, ही गाडी यापुढे आत घ्यायची नाही. तोच वॉचमन, सायकलवरून येणारा. त्याने मान खाली घालून गेट लावलं.

दुसरी फॅक्टरी मिळेल असं वाटलं होतं. पण सगळीकडे तोवर पावतीवर वेळ लिहून मागायला लागले होते, आणि गेटवरच्या भांडणाची गोष्टही पोचली होती. ह्यांनी वर्षभर विटा वाहिल्या, वासोण्याकडून खडी वाहिली. सुताची गाडी धुळीने भरून यायची. शेवटी विकायचं ठरलं.

वापीचा एक माणूस बघायला आला. तो खाली वाकून टायर तपासत होता. हे ओट्यावर बसले होते, मी चहा घेऊन बाहेर आले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तू जर म्हणाली असतीस ना, की फोन आला होता, मी घाबरले, चुकून काहीतरी बोलले, तर मी जाऊन हात जोडले असते. त्याने घेतलं असतं परत. बायकोची चूक म्हटली की माणूस हसून सोडून देतो. पण तो खोटं बोलला. खोट्या माणसापुढे कसा वाकू मी?"

त्या माणसाने अजून पैसे दिले नव्हते. मला तेव्हा बोलता आलं असतं. मॅनेजरची बदली झाली नव्हती, फॅक्टरी जिथल्या तिथे होती, गाडी दारात होती. हे माझ्या हातातला कप घ्यायला थांबले होते.

वापीच्या माणसाने विचारलं, जॅक आणि पाने कुठे आहेत? ते आत खाटेखाली होते. मी कप खाली ठेवला, आत गेले, पदर खोचून खाटेखाली शिरले, जॅक-पाने ओढून काढले आणि त्या माणसाला नेऊन दिले.