मामांच्या हातातला कंट्रोलर

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठतो. बीडमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेल्या वस्तूला कारण असतंच, आणि ते मल्टिमीटरवर दिसतं... एवढंच मी मानत आलो. तरी हे लिहितोय.

माझी मामेबहीण रेखाताई बीडजवळच्या पालीला असते. बीडच्या टायपिंग क्लासमध्ये एकेकाळी तिच्या वेगाला तोड नव्हती. पुढे कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये तिचा उजवा पंजा गेला. म्हशी, स्वयंपाक सगळं ती डाव्या हाताने शिकली, पण टायपिंगचा विषय घरात कुणी काढत नसे. गेल्या वर्षी तिनेच काढला. घरबसल्या मराठी टायपिंगचं एक काम होतं, त्याची ऑनलाइन परीक्षा द्यायची होती. म्हणून मी तिला खास कीबोर्ड बनवून दिला – छोटा, मेकॅनिकल, सगळी अक्षरं डाव्या पंजाखाली. तिने त्यावर जिद्दीने हात बसवला.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तो बंद पडला.

मामा तो घेऊन दुकानात आले. मी केबल बदलली, प्रोग्राम नव्याने टाकला, सोल्डरचे जोड पुन्हा तापवले. शेवटी मीटर लावला तर कंट्रोलर मेलेला – म्हणजे कोणतं बटण दाबलं हे कॉम्प्युटरला सांगणारी आतली छोटी पट्टी. ती काढून टेबलावर ठेवली आणि धूळ जाऊ नये म्हणून झाकण परत लावलं. केबल खोचायची खाच आतल्या दुसऱ्या तुकड्यावर असल्याने बाहेरून कीबोर्ड धडधाकटच दिसत होता. संभाजीनगरच्या मित्राने नवा कंट्रोलर एसटीने पाठवतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रेखाताई आणि मामा परीक्षेसाठी दुकानातच येणार होते. दुकान उघडं ठेवून मी स्टँडवर पार्सलची वाट बघत होतो. गाडी गेवराईजवळ बंद पडल्याचं कळलं. आता ताईला काय तोंड दाखवू, या विचारात परतलो, तर दारातच खटखट ऐकू आली.

ताई त्याच कीबोर्डवर टाइप करत होती. स्क्रीनवर ओळीमागून ओळ उमटत होती, परीक्षेचं घड्याळ चालू होतं. मी तिथेच थिजलो. कोपऱ्यातल्या स्टुलावर मामा बसले होते. त्यांनी हळूच तळहात पुढे केला.

"दिनू, ह्ये काय हाय रे? टेबलावरून पडंल म्हनून हातात धरून बसलोय."

त्यांच्या हातात कंट्रोलर होता.

मी ओठांवर बोट ठेवलं.

परीक्षा संपली तशी ताई खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. किती वर्षांनी तिला असं हसताना बघत होतो. मामा डोळे पुसत होते. मी कीबोर्ड उघडला. आतली जागा रिकामी. परत जोडला, बटणं दाबून बघितली... काही नाही, ठार बंद.

ताई पास झाली. आता ती रोज काम करते, नव्या कंट्रोलरवर. तिला सगळं खरं सांगितलं तर म्हणाली, "मला वाटलं तूच दुरुस्त करून गेलतास. म्हनून तर बिनधास्त बसले."

मित्राचं म्हणणं, माझीच काहीतरी गफलत झाली असणार. असेलही. पण मामांचा उघडा तळहात मी या डोळ्यांनी बघितलाय. कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू – ते शोधायला मी परत मीटर हातात घेतलेला नाही.