पंचमीला परत आलेलं यंत्र

तिसगावच्या स्टँडवर माझी मुलगी एसटीतून उतरली तेव्हा मला आधी तिचं तोंड दिसलंच नाही, खोकं दिसलं. खांद्याला एक साधी पिशवी आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं भलंथोरलं खोकं, त्यावर हनुवटी टेकवलेली. खोकं मी लगेच ओळखलं. लग्नात रुखवतात मांडायला मीच ते एअर फ्रायर नगरहून आणलं होतं.

"अगं, हे कशाला उचलून आनलंस?"

"पंचमीच्या लाह्या करू ह्याच्यात," ती म्हणाली आणि खोकं माझ्या हातात देऊन मोकळी झाली.

लाह्या करायला कुणी सासरहून, पार सुप्याहून एवढं धूड आणतं का? मोटारसायकलच्या टाकीवर खोकं घेतलं, तिला मागं बसवलं आणि आम्ही गावाकडं निघालो. वाटभर ती रस्त्याच्या कामाविषयी, बाजरीविषयी बोलत होती आणि मी नुसता हूं हूं करत होतो. माझं डोकं त्या खोक्यात अडकलं होतं.

लग्नानंतरची पहिली नागपंचमी लेकीनं माहेरी करायची, हे ठीकच. पण तिला आणायला मुराळी जायचा असतो. तिला भाऊ नाही म्हणून मीच जाणार होतो, सदरासुद्धा इस्त्री करून ठेवला होता. तर ऐनवेळी हिचा फोन, "आण्णा, तुमी येऊ नका, मी एकटी येते." का, कशासाठी, काही नाही. आणि आता वर रुखवतातली वस्तू. आमच्याकडं रुखवत एकदा सासरी गेलं की गेलं. ते माघारी यायला लागतं तेव्हा मागून काय येतं, हे गावाला पाठ आहे. भावकीतल्या एका मुलीचं आधी शिलाई मशीन आलं, मग कपाट आलं, मग ती आली. अजून इथंच आहे.

हिची आई असती तर घर यायच्या आत तिनं पोरीच्या पोटातलं काढून घेतलं असतं. पण ती लग्नाच्या आधीच गेली. मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. हळू आवाजात विचारायच्या गोष्टी मला येत नाहीत, तोंड उघडलं की भांडण काढल्यासारखं होतं.

घरी पोचलो तर शेजारच्या ओट्यावर माझ्या चुलतभावाची बायको डाळ निवडत बसलेली. आमची भिंतीला भिंत. वहिनींच्या नजरेतून सुई सुटत नाही, हे तर खोकं.

"काय गं बाई, समदं सामान घिऊन आलीस का काय?"

मुलगी नुसती हसली. मला मात्र असा राग आला की विचारू नका. वहिनींचा, मुलीचा, का खोक्याचा, तेवढं काही कळेना.

यंत्र स्वयंपाकघरात मांडलं. मी ते चहूबाजूंनी पाहून घेतलं. गिरणीचं सगळं उघड असतं. मोटार दिसते, पट्टा दिसतो, दाणा वरून जातो आणि पीठ खाली येतं. ह्याला ना आगा ना पिछा. एक खण, खणात भोकांची जाळी, आणि वर काचेत आकडे.

"तेल कुठं घालायचं?"

"तेल न्हाई लागत, आण्णा. लागलं तर बोटभर."

"मग तळतंय कशात?"

"वाऱ्यात."

वाऱ्यावर धान्य उफणतात, हे मला ठाऊक होतं. वाऱ्यात तळतात हे नवीनच. पण मशीनच्या बाबतीत लेकीपुढं अडाणी ठरायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी मान डोलावली आणि मका आणायला कोठीत गेलो.

कोठीत घरच्या मकेचं पोतं होतं. टपोरी, पिवळीधमक. मुलीनं मूठभर हातात घेऊन पाहिली. "लाह्यांची मका वायली असती म्हनं. मी आनायची इसरले."

"मका ती मका. जलम गेला माझा दाने बघन्यात."

आता आमच्या घरी लाह्या व्हायच्या त्या ज्वारीच्या. हिची आई ज्वारीवर गरम पाण्याचा हबका मारायची, फडक्यात बांधून मुरत ठेवायची, मग सावलीत वाळवून तापल्या कढईत मूठमूठ टाकायची. मी तेच मकेला केलं. हबका मारला, फडक्यात बांधली, वर पाटा ठेवला. मुलगी दारातून बघत होती.

जेवताना मी आडून विचारून पाहिलं. "पाव्हनं बरं हायत ना?"

"बरं हायत."

"न्यायला कधी येनार?"

"बघू."

नवी नवरी सासरी जायच्या गोष्टीला बघू म्हणते, ह्याचा अर्थ काय लावायचा? मला पुढचा घास गिळेना. तिला वाटलं भाजी तिखट झाली, तिनं पाणी पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. एक घोळ माझ्या तेव्हा ध्यानात आला. पंचमीला आमच्यात चुलीवर तवा चढत नाही, विळी निघत नाही, काही तळत नाहीत. म्हणून हिची आई लाह्या आदल्या दिवशीच उरकून ठेवायची. मी मका मुरवत बसलो आणि सण उजाडला. हे फ्रायर म्हणजे तळायचंच यंत्र की! आज चालतं का, हे सांगणार कोण? शेवटी वहिनींना बोलावलं. त्या कमरेवर हात ठेवून यंत्रापुढं उभ्या राहिल्या.

"जाळ हाय का ह्येच्यात?"

"न्हाई."

"तवा?"

"न्हाई."

"मंग करा की. पर मला इचाराल तर भावजी, नागोबाला ज्वारीच्याच लागत्यात."

म्हणजे करा का नको करा? वहिनी त्यांच्या उकडायच्या पुरणाच्या दिंडांकडं निघून गेल्या आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

शेवटी मुलीनं जाळीवर चंदेरी कागद घट्ट बसवला, त्यावर माझी मुरलेली मका पसरली आणि बटण दाबलं. यंत्र घूं घूं करायला लागलं. आम्ही खुर्च्या ओढून समोर बसलो. वास आला. धुरकट, कणीस भाजल्यासारखा. फुटायचं मात्र नाव नाही. तिनं आकडा वाढवला, परत बसलो. शेवटी खण ओढून पाहिला तर सगळे दाणे तांबूस होऊन जिथल्या तिथं. एकही फुटलेला नाही. मी एक दाढेखाली घेतला तर दाढच हलली.

मुलगी खणाकडं बघत म्हणाली, "आई असती तर..." आणि थांबली.

तिथं माझा तोल गेला. आई नव्हती, लाह्या नव्हत्या, आणि ही पोर कशासाठी आलीय ते कळत नव्हतं. मी ओरडलो, "मग इकत आनायच्या हुत्या! कशाला हे लचांड घिऊन आलीस हितं?"

तिचा चेहरा एकदम उतरला. "व्हय, चुकलंच माझं," ती म्हणाली. तिनं जाळी पुसली, वायर गुंडाळली, यंत्र परत खोक्यात घातलं. "उद्या सकाळच्या गाडीनं जाते मी."

आता मात्र माझी मती पारच गुंग झाली. कायमची आली असेल तर उद्या निघाली कुठं? आणि जायचंच होतं तर रुखवत उचलून आणलं कशाला? का इथूनही निघून तिसरीकडंच कुठं जायचं तिच्या मनात आहे? मी मोटारसायकलला किक मारली आणि तिसगाव गाठलं. पळून आलो म्हटलं तरी चालेल.

बाजारात लाह्यांचे ढीग होते. पिशवीभर घेतल्या असत्या तर सण साजरा झाला असता. पण हिच्या आईनं कधी विकतच्या लाह्या घरात आणल्या नाहीत, आणि पहिल्या पंचमीला लेकीपुढं मी त्या ठेवायच्या? मी दुकानदाराकडं लाह्यांची मका मागितली. त्यानं दिली ती बारकी, एका टोकाला निमुळती. घरच्या मकेचं विचारलं तर हसून म्हणाला, "ती गुरांची हो." सगळ्या गावाच्या गुरांचा भरडा मी दळलाय, आणि लाह्या करायला बसताना हे आठवलं नाही.

घरी आलो. खोकं दाराशी, तिची पिशवी त्यावर ठेवलेली. मी पिशवी उचलून खुंटीला लावली, यंत्र बाहेर काढलं आणि मकेची पुडी तिच्या पुढं धरली. बोटभर तेल चोळून तिनं दाणे पसरले आणि बटण दाबलं.

बराच वेळ नुसती घूं घूं. मग आत टक् झालं. मग टक् टक्. आणि मग असा ताशा सुरू झाला की बोलता सोय नाही. लाह्या उडून वरच्या बाजूला आपटत होत्या, यंत्र थरथरत होतं, आणि मला एकदम गिरणीत उभं असल्यासारखं मोकळं वाटलं. आवाजात मला बोलता येतं. मी तिच्याकडं न बघता ओरडलो,

"हे बघ! काय झालंय ते मी इचारनार न्हाई! राह्यची असशील तर जलमभर राह्य! समदं रुखवत आन! घर तुझंच हाय, कुनी बोट दाखवलं तर माझ्याशी गाठ हाय!"

यंत्र टिंग करून मध्येच बंद पडलं होतं. शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असणार. भिंतीपलीकडं वहिनींच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

मुलगी डोळे विस्फारून माझ्याकडं बघत होती. "आण्णा, तुमाला वाटलं मी सासर सोडून आले?"

"मग काय वाटायचं? एकटी आलीस, हे आनलंस, कधी जानार तर बघू."

ती हसायला लागली. हसता हसता तिथंच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मी लाह्यांचा खण हातात धरून तसाच उभा.

"तिथं बरं हाय माझं," ती डोळे पुसत म्हणाली. "ह्यांची शिफ्ट बदलती, म्हनून बघू म्हनले. यंत्र तुमच्यासाठी आनलं. तुमी गार भाकरी खाता, काकी सांगती मला फोनवर."

"आन मला येऊ नको का म्हनलीस?"

"आई गेल्यावर मला भ्या वाटत हुतं, आण्णा. तुमी न्यायला आला असता तर मी पाव्हनी म्हनून आले असते. न बोलावता आपलं आपन येता येतं का, ते बघायचं हुतं. तर स्टँडवर तुमचं तोंड असं झालं, की मला वाटलं, न्हाई येता येत."

म्हणजे मी खोक्याकडं बघत होतो आणि ती माझ्याकडं. मी खण तिच्या पुढं धरला, एवढंच. निम्म्या लाह्या फुटल्या होत्या, काही करपल्या होत्या, काही दाणे तसेच. त्यातली एक पांढरी लाही तिनं उचलली आणि परत ठेवली, कारण अजून नागोबाला दाखवायच्या होत्या.

बांधावरच्या वारुळाला वहिनी आणि ती दोघी गेल्या. वहिनींनी ज्वारीच्या वाहिल्या, हिनं मकेच्या. नागोबाला काय पसंत पडलं, ते काही समजलं नाही.

ती चांगली आठवडाभर राहिली. जाताना खोकं मोडून वहिनींना चुलीत घालायला दिलं. यंत्रावर कुठला आकडा कशाचा, हे मला दहादा सांगितलं, तरी माझा घोळ व्हायचा तो होतोच. स्टँडवर तिला नगरच्या गाडीत बसवलं. गाडी हलायला लागली तशी ती खिडकीतून वाकून म्हणाली, "आण्णा, दिवाळीलाबी न्यायला येऊ नका बरं का."

"न्हाई येत," मी ओरडलो.