आमच्या मजल्यावरचा ड्रमर

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होतो. दारात स्यू उभी होती, आमच्या शेजारच्या ग्रिफची बायको. हातात आमचाच स्टीलचा डबा आणि त्यात संत्री. डबा रिकामा परत करायचा नाही, हे ती माझ्या बायकोकडून, मंजिरीकडून शिकली होती. "काल संध्याकाळी गेला," ती म्हणाली. "खुर्चीतच. रग्बी बघत होता. जुनी मॅच, वेल्स जिंकलेली. हरलेली तो कधी लावायचाच नाही, ला." वाक्याच्या शेवटचा तिचा तो सिंगापुरी 'ला' तेव्हाही सुटला नव्हता. मी तिला आत बोलावलं, मंजिरीने तिला जवळ घेतलं, आणि मग आम्ही तिघंही पोहे पुढ्यात घेऊन बसलो. रडणं चाललं होतंच, पण ग्रिफच्या एकेक तऱ्हा आठवून मधेच हसूही येत होतं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. अजूनही त्याचं नाव निघालं की आधी हसूच येतं... मग बाकीचं.

आम्ही सिंगापुरात सेम्बावांगला राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये भेटणारा हा उंच, टकला, लालबुंद म्हातारा जहाजदुरुस्तीच्या यार्डातून निवृत्त झालेला इंजिनियर आहे, एवढंच मला माहीत होतं. माझ्या अंगात त्या दिवशी 'पिट लॅम्प'चा टी-शर्ट होता. पिट लॅम्प म्हणजे वेल्समधला जुना हेवी मेटल बँड. पुण्यात इंजिनियरिंगला असताना हॉस्टेलवर कुणीतरी त्यांची डब केलेली, ना फोटो ना नावं असलेली कॅसेट आणली होती, ती ऐकून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. ग्रिफने टी-शर्टकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "कोण हे?" झालं! मी सुरू झालो. पुढे कित्येक महिने, लिफ्टमध्ये, खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांवर, कॉफी पिताना, मी त्याला पिट लॅम्प समजावून सांगत होतो. त्यांचा ड्रमर जरा उतावळा आहे, असंही मत दिलं. तो मान डोलवायचा. शेवटी चायनीज न्यू इयरला त्यांच्याकडे फराळाला गेलो असताना मी पुन्हा तेच दळण दळायला लागलो, तशी स्यू वैतागली. "अय्यो, किती सांगतोस! तो ड्रमर हाच आहे, ला!" माझ्या हातातला अननसाचा टार्ट तसाच राहिला. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं. ग्रिफ म्हणाला, "तुम्ही इतकं मन लावून सांगत होतात. शिवाय त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही."

ते मात्र खरं होतं. आयुष्यभर ढणाढणा वाजवून, आणि नंतर इंजिनरूममध्ये उभं राहून, त्याचे कान पार गेले होते. कानातलं यंत्र लावलं की सगळं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं, अशी तक्रार करून तो ते खिशात ठेवायचा. कधी लहर लागली की बँडच्या गोष्टी सांगायचा. पोलादाच्या कारखान्याचं गाव, तिघं पोरं, कामगारांच्या क्लबातला हॉल. इतकं जड आणि इतकं मोठ्याने तोवर त्या भागात कुणी वाजवलंच नव्हतं. या संगीताला नाव काय द्यायचं, हेही तेव्हा ठरायचं होतं. क्लबातले म्हातारे पत्त्यांचा डाव मोडला म्हणून मेन स्विच बंद करायचे, आणि अंधारात ग्रिफ एकटाच वाजवत राहायचा, कारण ड्रमला वीज लागत नाही! पावाच्या जुन्या व्हॅनमधून ते गावोगाव हिंडले. तीन रेकॉर्डी निघाल्या. त्यांच्या आधी वाजवायला येणारी पोरं पुढे स्टेडियमं भरवू लागली आणि मुलाखतींत म्हणू लागली की आम्ही हे पिट लॅम्पकडून उचललं. तोवर पिट लॅम्प मोडला होता. बेस गिटार वाजवणारा आणि गाणारा दाई प्लंबर झाला, ग्रिफ जहाजांवर गेला, फिरत फिरत सिंगापूरला आला आणि स्यूला भेटून इथलाच झाला. गिटारवाला रीस तर देवाघरीच गेला. "वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलं. "लोक उचलतात ते चांगलं असतं म्हणूनच ना?" तो म्हणाला आणि कॉफी संपवली.

आणि मग दाईचा निरोप आला. तो क्लबाचा हॉल पाडणार होते. पाडण्याआधी तिथे एकदा, शेवटचं, पिट लॅम्पने वाजवायचं. रीसच्या जागी गिटारला त्याची मुलगी. ग्रिफने उलट कळवलं की गुडघा दुखतो, विमानात बसवत नाही. गुडघा ठणठणीत होता. खरं कारण मला माहीत होतं. दाईचा बेस ऐकू आल्याशिवाय ड्रमरने वाजवायचं कसं? पिट लॅम्पच्या सगळ्या गाण्यांत दाई पुढे जातो आणि ग्रिफ त्याला धरून चालतो. भर हॉलमध्ये, आपल्याच गावासमोर, ताल चुकला तर? ही भीती त्याने वेल्समध्ये कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. कान गेलेत हेच मुळात सांगितलं नव्हतं. तो नुसताच गप्प झाला, आणि ग्रिफ गप्प म्हणजे आमच्या मजल्यावर काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं.

मंजिरीचं ढोल-ताशा पथक आहे. गणपतीच्या आधी दर रविवारी दुपारी बुकित बातोकच्या कारखान्यांच्या बाजूला, जिथे तक्रार करायला कुणी नसतं, तिथे सराव. त्या वर्षी एका ढोलवाल्याचा नोकरीचा पास सिंगापूर सरकारने वाढवून दिला नाही, तो पुण्याला परतला आणि एक ढोल रिकामा पडला. "ग्रिफकाका, चला. नुसते घरात बसून काय करताय?" असं म्हणत मंजिरीने त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. कमरेला ढोल बांधला, एका हातात टिपरू दिलं, दुसऱ्या हाताने थाप कशी मारायची ते दाखवलं. गडी जन्मजात घाईचा! पथकात आधी ताशा बोलतो, मग ढोल पडतात. ग्रिफने ताशाची वाटच पाहिली नाही, पहिल्या क्षणापासून धडाधड सुरू. मंजिरीने ताशा थांबवला आणि त्याला असं काही झापलं की सगळं पथक जमिनीकडे बघत उभं राहिलं. "ताशा ऐकू येत नाही," तो ओशाळून म्हणाला. "मग माझ्या काड्या बघा," ती म्हणाली. तो तिच्या समोर उभा राहिला. काड्या बघितल्या, थांबला, आणि सगळ्यांबरोबर बरोबर पडला. दोन आवर्तनं झाली असतील नसतील, तर हा वाजवता वाजवता ओरडतोय, "ऐकू येतंय! सगळे ऐकू येतायत! इथे!" आणि टिपरूने स्वतःच्या पोटाकडे दाखवतोय. आजूबाजूच्यांचे ढोल त्याच्या ढोलातून थेट पोटात उतरत होते. एवढा मोठा माणूस घामाने निथळत लहान मुलासारखा नाचत होता.

घरी येऊन अंघोळही न करता त्याने दाईला व्हिडिओ कॉल लावला आणि मला शेजारी बसवलं, पलीकडचं बोलणं लिहून दाखवायला. "दाई, गुडघा बरा आहे. कान गेलेत. तुझा बेसचा मोठा स्पीकर माझ्या पाठीला टेकवून ठेवशील का?" पलीकडे दाई जो हसत सुटला तो थांबेचना. मी कागदावर लिहिलं, "त्यालाही डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. तो तुम्हाला सांगायला घाबरत होता."

मी ऑफिसात 'घरचं कार्य आहे' असं सांगून त्यांच्याबरोबर वेल्सला गेलो. खोटं काय होतं त्यात? हॉल गच्च भरला होता. पिकलेल्या केसांचे लोक आणि त्यांची नातवंडं. ग्रिफचं स्टूल दाईच्या कपाटाएवढ्या स्पीकरला लावून ठेवलं होतं, त्याची पाठ त्याला टेकलेली. पहिल्या गाण्याची सुरुवात दाईच्या एकट्या बेसने. मग ड्रम. स्यूने कानात बोटं घातली होती आणि डोळे मिटले होते. ग्रिफने मान खाली घातली, थांबला. चक्क थांबला! आणि जिथे पडायचं तिथे अचूक पडला. सगळा हॉल ओरडला. मी तर हमसून हमसून रडलो, आणि शेजारच्या अनोळखी आजींनी मला रुमाल दिला. गाणी संपल्यावर ग्रिफ मला म्हणाला, "आता उतावळा म्हणू नका."

त्यानंतर तो चांगली काही वर्षं आमच्या पथकात वाजवत राहिला. सराव सुरू होण्याआधी शेजारच्याच्या ढोलावर क्षणभर पालथा तळवा ठेवायचा, त्याच्या एका ठोक्याची थरथर हाताला नीट लागतेय ना बघायला. त्याचं बघून शेजारचे ठेवू लागले, मग सगळेच. परवाच्या रविवारी, तो गेल्यानंतरच्या पहिल्या सरावाला, स्यू खुर्ची टाकून बसली होती. पथक गोलात उभं राहिलं आणि प्रत्येकाने आपसूक शेजारच्या ढोलावर हात ठेवला. आयटीतली एक मुलगी नुकतीच पुण्याहून आली आहे, तिथल्या पथकात वाजवलेली. ती गोंधळली. "ताई, आमच्याकडे असं करत नाहीत. ही मुंबईची पद्धत का?"

"नाही," मंजिरी म्हणाली, "वेल्सची." आणि तिने ताशाच्या काड्या उचलल्या.