चक्की इथेच राहील

भांडायला समोरचा माणूस निदान थोडा तरी वाईट लागतो हो. माझं नशीब असं, की माझी चक्की बंद पाडली ती एका सोन्यासारख्या मुलाने.

सफाळ्याला स्टेशनपासून जवळ गवताची जुनी वखार आहे. गवताचा धंदा बसला तसे मालकाने तिचे गाळे पाडून भाड्याने दिले. तारापूरचा कारखाना बंद पडून ह्यांची नोकरी गेली तेव्हा त्यातल्याच एका गाळ्यात आम्ही पिठाची चक्की टाकली. आम्ही सांगलीकडचे. इथे आमचं ना शेत, ना वाडी. हे गेले, त्यानंतर चक्की मीच चालवली. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने त्यांना टाकीसुद्धा मीच लावायची. गव्हावर कुणी बाजरी टाकायला आलं तर, "थांब गं बाई, आधी तिचं होऊ दे," म्हणून दरडावायची.

मालकाचा नातू शिकून परत आला आणि म्हणाला, "काकू, वखार पाडायची नाही. जशी होती तशी उभी करायची. आत हॉटेल करू." मला आनंदच झाला. कौलं फुटली होती, पावसाळ्यात लोकांच्या डब्यांवर प्लास्टिक टाकून माझा जीव मेटाकुटीला यायचा. मी एकच विचारलं, "आणि माझी चक्की?"

"चक्की इथेच राहील. शब्द देतो," म्हणाला, आणि पाया पडला.

कामही देखणं केलं हो, खोटं कशाला बोलू? सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला, सागाच्या तुळया घासून तेल पाजलं. तेवढे महिने मी घरी बसून होते. गिऱ्हाइकांना सांगत होते, दिवाळीपर्यंत थांबा.

उद्‌घाटनाला नारळ माझ्या हातून फोडवला. चक्की जागच्या जागीच होती. काळा रंग, वर धान्य ओतायचा चकचकीत हॉपर, खाली दिव्याचा झोत. पण पट्टा नव्हता. मोटर नव्हती.

"मोटर मागे जपून ठेवलीय, काकू. चालवली तर पीठ उडून टेबलांवर बसणार, मिरची दळली की लोक खोकणार. पण चक्की हलवली नाही हां. सगळे आधी तिच्यापाशीच फोटो काढतात."

शब्द पाळला होता पोराने. मला कॉफी पाजली, ज्याला त्याला "ह्या आमच्या काकू" म्हणून ओळख करून दिली. चक्की घरी न्यायची तर चाळीतल्या खोलीत थ्री-फेज कुठून आणू? दुसरा गाळा कोण देणार? मी आपली हसत उभी राहिले. आतून नुसती जळत होते.

दिवाळीच्या तोंडावर डोंगरपट्टीतली म्हातारी नागली, म्हणजे आपली नाचणी, घेऊन आली. दरवर्षी यायची. मी तेव्हा तिथेच होते. दुसरीकडे कुठे जाणार? रोज एक फेरी व्हायचीच. चकचकीत फरशी बघून तिने चपला बाहेर काढल्या, आत आली, आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत सवयीने फडकं सोडून सगळी नागली हॉपरमध्ये ओतली.

"चालू कर ना बाय. मंग गाडी नाय मिलायची."

माझा हात आपोआप मागे भिंतीवर गेला, बटणाच्या जागी. तिथे नुसता गुळगुळीत चुना.

"मोटर नाही गं," मी म्हटलं. "आता नाही चालत ती."

तिने एकदा चक्कीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एवढी नवी तर केलीस!"

दोघी मुठीमुठीने नागली काढायला लागलो. टेबलांवरची माणसं मोबाईल धरून आमचा व्हिडिओ काढत होती. एक मुलगी तर "हाऊ क्यूट" म्हणाली. मेली! हात पोचेना तिथे दगडाच्या तोंडाशी बरीच नागली अडकली. मी बोटं घालून घालून ती उकरत होते, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

म्हातारीने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे बाय तेवढी. पुढच्या टायमाला दळ."

"हो," मी म्हटलं.